कॅन्सरच्या ऑपरेशनला हो म्हणायच्या आधी पुरावा कसा विचारायचा

माझे मामा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात बोली पुकारायचे. तीस वर्षं तोंडात तंबाखू, आणि मग एक दिवस जिभेच्या डाव्या कडेला जखम झाली ती दोन महिने भरेचना. आधी वाटलं दात लागतोय, दातवाल्यांनी दात घासूनही दिला, पण फरक नाही, शेवटी तुकडा तपासायला पाठवला आणि रिपोर्टमध्ये कॅन्सर आला. एमआरआयमध्ये गाठ २.४ सेंटीमीटरची, खोली अंदाजे ७ मिलीमीटर, मानेत एकही गाठ दिसत नव्हती. पहिल्या सर्जननी सांगितलं, "जिभेचं करून घेऊ, मान साफ आहे, लागली तर मागनं बघू." घरात सगळ्यांना हायसं वाटलं, ऑपरेशन लहान, खर्च कमी. मला मात्र एक गोष्ट खटकत होती की मान आत्ता न करणं, म्हणजे मानेतल्या गाठी न काढणं, बरोबर आहे हे कशावरून ठरलं, ते कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या ठिकाणी मी तेवढंच विचारलं. तिथल्या सर्जन मॅडमनी केस पेपर पालथा केला, पेनानं दोन चौकोन काढले आणि म्हणाल्या, हा प्रश्न आपल्या मुंबईतच सोडवलाय. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या टीमनं असेच पेशंट घेतले होते, तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा, मानेत हाताला काही लागत नाही. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटात तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेच्या गाठी (म्हणजे लसीकाग्रंथी, सगळ्यांच्याच मानेत असतात आणि कॅन्सर आधी तिथे पसरू शकतो) काढल्या आणि दुसऱ्यात आधी फक्त तोंडाचं ऑपरेशन करून मानेवर लक्ष ठेवलं, गाठ आली तरच मान केली. ५०० पेशंटचे निकाल २०१५ ला आले. तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के लोक जिवंत होते, दुसऱ्यात ६७.५ टक्के. मॅडमनी चौकोनांखाली ८० आणि ६७ लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. तो कागद अजून मामांच्या फाइलमध्ये आहे.

त्यानंतर मी मैत्रिणीच्या आईबरोबर गेले, शेजारच्या काकूंबरोबर गेले, गावाकडच्या दोघातिघांच्या फायली घेऊन बसले. मी डॉक्टर नाही, आणि खाली जे लिहितेय ते डॉक्टरांच्या ऐवजी वापरायचं नाहीये, डॉक्टरांसमोर बसून वापरायचं आहे. ज्यांच्या घरात आत्ता ऑपरेशनची तारीख ठरायची आहे त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी फाइल पूर्ण करा, मग निर्णयाचं बोला

पुरावा कितीही चांगला असला तरी निदानच कच्चं असेल तर काही उपयोग नाही. बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्याचा, रिपोर्ट हातात नसताना मोठं ऑपरेशन ठरवत असतील तर थांबून विचारा की बायोप्सी आधी का नाही, काही ठरावीक गाठींमध्ये खरंच तसं कारण असतं पण ते कारण त्यांनी सांगायला हवं. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे घरातलं कुणीतरी म्हणणारच, तोंडाच्या, स्तनाच्या कॅन्सरमध्ये बायोप्सीशिवाय उपचार ठरतच नाहीत, त्यामुळे त्यांना प्रेमानं समजवा आणि पुढे जा.

एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते. बायोप्सीचा नुसता कागद पुरत नाही, लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (तपासलेला तुकडा त्यातच जपलेला असतो) मागून घ्या, दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजिस्ट ते परत बघतात आणि कधीकधी निदान बदलतं. एमआरआय, सीटीचंही तसंच, रिपोर्टबरोबर सीडी घ्या, कारण सर्जनला फोटो बघायचे असतात. आणि सगळ्या रिपोर्टच्या झेरॉक्स तारखेप्रमाणे लावा, म्हणजे डॉक्टरांची पहिली दहा मिनिटं कागद शोधण्यात जात नाहीत.

मग विचारा, स्टेज काय धरलीय? टी, एन, एम अशी तीन अक्षरं आणि आकडे असतात, गाठ केवढी, लसीकाग्रंथींमध्ये गेलाय का, लांब कुठे पसरलाय का. हे तुमच्या वहीत लिहून घ्या. मामांचं टी२ एन०. पुढे जो काही पुरावा शोधाल तो ह्याच आकड्यांसाठी शोधायचाय, "जिभेचा कॅन्सर" एवढ्यावर शोधलंत तर शंभर उलटसुलट गोष्टी सापडतील.

प्रश्न चार तुकड्यांत मांडा

मॅडमनी मला शिकवलं ते असं. कोणावर, काय करायचं, कशाच्या ऐवजी, आणि शेवटी काय मोजायचं. मामांच्या बाबतीत: मानेत गाठ नसलेला जिभेचा टी२ पेशंट, मान आत्ताच करायची, थांबून बघण्याऐवजी, आणि मोजायचं काय तर माणूस जगला का. बस, एवढं वाक्य तयार झालं की डॉक्टरांशी बोलणं एकदम सोपं होतं, आणि नेटवर काही वाचलंत तरी लगेच कळतं की हे आपल्यासाठी आहे का दुसऱ्याच कुणासाठी.

शेवटचा तुकडा सगळ्यात जास्त निसटतो. कुणी म्हणतं गाठ लहान झाली, कुणी म्हणतं रक्त कमी गेलं, कुणी म्हणतं तिसऱ्या दिवशी घरी. ह्या सगळ्या चांगल्या गोष्टी आहेत पण माणूस जास्त जगतो का आणि बरा जगतो का हे वेगळं विचारावं लागतं.

"माझा अनुभव आहे" आणि "अभ्यास झालाय" यात फरक कसा ओळखायचा

अनुभवाला किंमत आहेच, हात कुणाचा आहे हे ऑपरेशनमध्ये फार महत्त्वाचं असतं. पण दोन उपचारांत चांगला कोणता हे नुसत्या अनुभवातून कळणं अवघड आहे, आणि ते का हे मला स्तनाच्या कॅन्सरच्या एका उदाहरणातून समजलं. मैत्रिणीच्या आईला निदान झालं तेव्हाच हाडांत पसरलेलं होतं. घरच्यांचं म्हणणं होतं, स्तनातली मूळ गाठ काढून टाका, मूळच गेलं की फांद्या वाळतील. आणि जुने अभ्यास वाचले तर ते हेच सांगत होते की ज्या बायकांची गाठ काढली त्या जास्त जगल्या.

पण ऑपरेशन कुणाचं केलं गेलं होतं? ज्या मुळात तब्येतीनं धडधाकट होत्या, ज्यांचा आजार कमी पसरलेला होता, त्यांचंच डॉक्टर ऑपरेशन करायचे. त्या तशाही जास्त जगल्या असत्या. हे निस्तरायला एकच मार्ग, चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे म्हणजे दोन्हीकडे सारख्या तब्येतीचे पेशंट येतात. टाटामध्ये डॉ. राजेंद्र बडवे यांच्या टीमनं ३५० बायकांवर, ज्यांना केमोनं फरक पडला होता, हे केलं आणि २०१५ मध्ये निकाल छापला. दोन वर्षांनी ऑपरेशनवाल्या गटात ४१.९ टक्के जिवंत, ऑपरेशन न केलेल्यात ४३ टक्के, म्हणजे फरक नाहीच. मैत्रिणीच्या आईचं ऑपरेशन टळलं, औषधांवर लक्ष दिलं गेलं. (गाठ फुटून जखम झाली, रक्त येतंय, वास येतोय, तर त्या त्रासासाठी ऑपरेशन करतात, ते वेगळं कारण आहे आणि योग्य कारण आहे.)

म्हणून डॉक्टरांना विचारायचं, "हे दोन गट करून तपासलेलं आहे का, की आत्तापर्यंतच्या पेशंटवरून सांगताय?" दुसरं उत्तर आलं तरी घाबरू नका, सर्जरीतल्या बऱ्याच गोष्टींवर असे अभ्यास झालेलेच नाहीत, काही करताच येत नाहीत. फक्त कोणतं उत्तर कोणत्या जातीचं आहे हे माहीत पाहिजे.

आकडा माणसांत मोजून घ्या

"धोका निम्मा होतो" असं कुणी म्हटलं की लगेच विचारा, किती होता आणि किती झाला? ४० चे २० झाले तरी निम्मा आणि २ चा १ झाला तरी निम्माच. मी नेहमी म्हणते, "डॉक्टर, आमच्यासारखे १०० पेशंट धरा, ऑपरेशन केलं तर किती बरे राहतील आणि नाही केलं तर किती?" मामांच्या प्रश्नात ते १०० मागे १२ ते १३ माणसांचा फरक होता, म्हणजे साधारण ८ जणांची मान केली की एक जीव जास्त वाचतो. हा मोठा फरक आहे.

आणि मग तितक्याच नेटानं दुसरी बाजू विचारायची. त्याच अभ्यासात ऑपरेशनमधून होणारा त्रास मान लगेच केलेल्यांत ६.६ टक्के आणि थांबलेल्यांत ३.६ टक्के होता. मानेच्या गाठी काढताना खांद्याला जाणारी नस ताणली जाते, हात वर करायला त्रास होऊ शकतो, महिनोनमहिने व्यायाम करावा लागतो. शिवाय हेही खरंय की आधीच मान केलेल्यांपैकी जवळपास ३० टक्के लोकांतच गाठींमध्ये कॅन्सर सापडला, म्हणजे बाकीच्यांची मान एका अर्थी विनाकारण झाली, पण ते कोण हे आधी कुणालाच सांगता येत नव्हतं. हे सगळं मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते आणि मग एवढंच म्हणाले, "हात थोडा खाली राहिला तर चालंल, मान परत परत नको."

आपला पेशंट त्या अभ्यासात बसतो का

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. टाटाच्या त्या अभ्यासातले बहुतेक पेशंट जिभेच्या कॅन्सरचे होते, गालाचे कमी. आपल्याकडे गुटखा, मावा, मशेरीमुळे गालाचा कॅन्सर भरपूर, तर गालाच्या पेशंटसाठी हाच आकडा जसाच्या तसा धरता येत नाही, दिशा तीच असू शकते पण सर्जनला वेगळं विचारायला लागतं. दुसरं, ज्यांच्या गाठीची खोली ३ मिलीमीटर किंवा कमी होती त्यांच्यात फायदा स्पष्ट दिसला नाही. मामांची ७ होती, जीभच होती, टी२ होतं, म्हणजे ते अगदी मधोमध बसत होते.

वय, शुगर, हार्ट, दम लागतो का, माणूस स्वतःचं स्वतः करतो का, हेही बघायचं. अभ्यासात घेतलेले पेशंट तब्येतीनं बऱ्यापैकी असतात, ऐंशीच्या आजीला दम्याचा पंप लागत असेल तर तोच निकाल तिला लावताना डॉक्टर हात आखडता घेतात आणि ते बरोबर असतं.

नवीन मशीन दिसलं की जास्त विचारा

शेजारच्या काकूंना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, सुरुवातीची स्टेज. एका ठिकाणी दुर्बिणीतून ऑपरेशनचं पॅकेज सांगितलं, छोटी छिद्रं, दोन दिवसांत घरी. ऐकायला कुणालाही आवडेल. पण २०१८ मध्ये एका जागतिक अभ्यासाचा निकाल आला होता, ६३१ बायका, अर्ध्या पोट उघडून आणि अर्ध्या दुर्बिणीतून किंवा रोबोटनं. साडेचार वर्षांनी आजार परत न आलेल्या बायका पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के आणि दुर्बिणीवाल्यांत ८६. जीव जाण्याचं प्रमाणही दुर्बिणीवाल्यांतच जास्त. तोपर्यंत जगभर हे ऑपरेशन दुर्बिणीतून सर्रास होत होतं. काकूंनी पोट उघडून करून घेतलं. ह्याचा अर्थ दुर्बीण वाईट असा नाही, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन अशाच अभ्यासांमध्ये टिकलेलं आहे. प्रत्येक अवयवाचा हिशोब वेगळा, म्हणून प्रत्येक वेळी परत विचारायचं.

उलटही होतं, पुरावा कधीकधी ऑपरेशन लहान करतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये एकेकाळी स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी सगळं काढायचे. मग अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर आणि इटलीत डॉ. उंबेर्तो वेरोनेसी यांनी सत्तरच्या दशकात गट पाडून अभ्यास सुरू केले आणि २००२ मध्ये दोघांचेही २० वर्षांचे निकाल आले, गाठ काढून रेडिएशन दिलं तर बायका स्तन काढलेल्यांइतक्याच जगतात. फक्त रेडिएशन चुकवायचं नाही, फिशर यांच्या अभ्यासात ज्यांनी नुसती गाठ काढली त्यांच्यात त्याच स्तनात परत येण्याचं प्रमाण ३९.२ टक्के होतं, शेक म्हणजे रेडिएशन घेतलेल्यांत १४.३. आपल्याकडे अजून कितीतरी बायकांना "काढून टाका म्हणजे कटकट नाही" एवढंच सांगितलं जातं, आणि त्यांना दुसरा पर्याय होता हे नंतर कळतं, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. रेडिएशनचं सेंटर घरापासून दोनशे किलोमीटरवर असेल, रोज जाणं-येणं जमणार नसेल आणि बाई स्वतः म्हणत असेल की काढून टाका, तर तो निर्णयही चांगलाच, पण तो तिनं माहिती घेऊन घेतलेला असावा.

पेशंटला काय हवंय ते पेशंटलाच विचारा

आपल्याकडे केबिनमध्ये पाच नातेवाईक बोलतात आणि पेशंट बाहेर बाकड्यावर. असं करू नका. पुराव्यावरून ठरवायचं म्हणजे अभ्यास, डॉक्टरांचा हात आणि पेशंटची इच्छा, तिन्ही मिळून. मामांना जीव हवा होताच पण त्यांचा पहिला प्रश्न होता, "बोली पुकारता येईल का?" तो प्रश्न विचारला म्हणून तर सर्जननी जिभेचा किती भाग जाईल, काय बदलेल, कोणती अक्षरं अडखळतील, स्पीच थेरपी कधी सुरू करायची हे आधीच समजावलं.

कुठे विचारायचं, किती वेळ घ्यायचा

पहिली गोष्ट, तुमची केस ट्यूमर बोर्डात ठेवा म्हणून सांगा. म्हणजे सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात. लहान हॉस्पिटलमध्ये बोर्ड नसेल तर निदान रेडिएशनच्या आणि केमोच्या डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधी एकदा दाखवा, कारण काही कॅन्सरमध्ये केमो आधी आणि ऑपरेशन नंतर असतं, काहींमध्ये ऑपरेशन लागतच नाही, आणि एकदा कापल्यावर तो क्रम परत लावता येत नाही.

दुसरं, नॅशनल कॅन्सर ग्रिड. २०१२ पासून देशभरातली कॅन्सर हॉस्पिटलं ह्यात जोडली गेलीत आणि त्यांच्या वेबसाइटवर प्रत्येक कॅन्सरसाठी उपचाराच्या गाइडलाइन फुकट वाचायला मिळतात. इंग्रजीत आहेत, पण तुमचे टी एन एमचे आकडे हातात असले की तक्त्यात आपली ओळ सापडते. घरातल्या कॉलेजच्या मुलाला सोबत बसवा. डॉक्टर गाइडलाइनपेक्षा वेगळं सांगत असतील तर भांडायला जाऊ नका, कारण विचारा, बऱ्याचदा तब्येतीमुळे किंवा गाठीच्या जागेमुळे खरंच कारण असतं.

दुसरं मत घ्याच, पण त्यात महिने घालवू नका. आठ-दहा दिवसांत घ्या, तारीख हातात ठेवून घ्या. आणि महात्मा फुले योजनेत बसत असाल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, म्हणजे पैशामुळे निर्णय अडत नाही.

बोलायचं कसं ह्याची भीती वाटते लोकांना, डॉक्टर चिडतील. मी असं विचारते: "डॉक्टर, तुम्ही सांगाल तेच करायचंय, फक्त समजून घ्यायचंय. हे नाही केलं तर काय होईल? दुसरा पर्याय कोणता? ह्यावर मोठा अभ्यास झालाय का आणि त्यात आमच्यासारखे पेशंट होते का? तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता?" शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो पण विचारा, विशेषतः स्वादुपिंड आणि अन्ननलिकेच्या ऑपरेशनमध्ये, कारण तिथे जास्त ऑपरेशनं करणाऱ्या ठिकाणी दगावण्याचं प्रमाण कमी असतं हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांतून दिसलंय. उत्तरं वहीत लिहा, किंवा परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा, घरी परत ऐकता येतं.

ठोस पुरावा नाही असं डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं आणि एखाद्या ट्रायलमध्ये, म्हणजे चालू असलेल्या अभ्यासात, यायला सुचवलं तर "आमच्यावर प्रयोग" म्हणून लगेच नको म्हणू नका. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा, मधेच बाहेर पडलो तर उपचार चालू राहतील ना ते विचारा. वर जे जे आकडे दिले ते अशाच हो म्हणालेल्या पेशंटमुळे आपल्याला मिळालेत.

ऑपरेशननंतर निर्णय संपत नाहीत

काढलेल्या भागाचा रिपोर्ट यायला साधारण एक-दोन आठवडे लागतात, तो आणायला स्वतः जा. तोंडाच्या कॅन्सरमध्ये बघायचं: कडेला किती मिलीमीटर चांगला भाग राहिला, खोली किती निघाली, मानेतल्या एकूण किती गाठी तपासल्या (१८ किंवा जास्त असतील तर मान नीट झाली असं धरतात), त्यातल्या किती खराब, आणि गाठीचं कवच फोडून आजार बाहेर आलाय का. कवच फुटलं असेल किंवा कडेला आजार राहिला असेल तर रेडिएशनबरोबर केमोही देतात, ह्यावर २००४ मध्ये दोन मोठे अभ्यास आलेत. रेडिएशन लागणार असेल तर ते ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं, म्हणून टाके निघायच्या आधीच रेडिएशनवाल्यांची अपॉइंटमेंट घ्या आणि खराब दात काढायचे असतील तर लगेच काढून घ्या, नाहीतर दातांसाठीच तीन आठवडे जातात.

मामांच्या मानेतून ३१ गाठी निघाल्या, एक खराब होती, चार मिलीमीटरची, जी एमआरआयमध्ये दिसलीच नव्हती. कवच शाबूत होतं. नुसत्या एका गाठीसाठी रेडिएशन द्यायचं की नाही ह्यावर डॉक्टरांमध्येही दोन मतं असतात, पण नसेच्या बाजूनं आजार सरकलेला होता आणि खोली शेवटी ९ मिलीमीटर निघाली, म्हणून बोर्डानं द्यायचं ठरवलं. ३० दिवसांचा शेक, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. त्या काळात खांद्याचा व्यायाम मामी करून घ्यायच्या, भिंतीला बोटं लावून रोज थोडं वर, कुठपर्यंत हात गेला तिथे पेन्सिलीची खूण आणि तारीख. त्या खुणा अजून स्वयंपाकघराच्या दाराशेजारी आहेत, शेवटची खूण डोक्याच्या वर एक वीतभर आहे.